खांद्यावरची बोटं

फोटोवाली : नाही हो काका, दोन फोटो जोडून तुम्ही दोघं शेजारी उभे वाटतच नाही. तुमच्यावर डावीकडून ऊन, तुमच्या भावावर उजवीकडून ट्यूबलाइट. सकाळपासून डोळे फोडतेय मी.

गिऱ्हाईक : मग त्याला उलटा करा.

फोटोवाली : भांग दुसऱ्या बाजूला जाईल. आई ओळखतील.

गिऱ्हाईक : तिला धड दिसत नाही आता.

फोटोवाली : न दिसायला काय झालं, आई आहेत त्या! त्यापेक्षा दोघं या की इथे. लगेच काढून देते.

गिऱ्हाईक : तो वरच्या मजल्यावर, मी खालच्या. जिन्यात अंग चोरून वाट देतो एकमेकांना, तेवढंच. त्याचा हा फोटोसुद्धा वहिनीनं गुपचूप मोबाइलवर पाठवलाय.

फोटोवाली : एवढं काय झालं हो?

गिऱ्हाईक : बाबांच्या आजारपणात कोण उठलं आणि कोण झोपून राहिलं, त्यावरून. कंटाळलो बाई आता. परवा आईचं ऑपरेशन आहे. म्हणते, आत नेण्याआधी दोघांना एकदा एकत्र बघू दे.

फोटोवाली : आणि तुम्ही त्यांना हे दाखवणार?

गिऱ्हाईक : दुसरं काय आहे माझ्याकडे?

फोटोवाली : निदान तुमचा आत्ताचा फोटो काढू या. ह्यात तुम्ही पंचविशीतले, ते पंचावन्नचे. भाऊ कसले, वडील वाटतात तुमचे!

गिऱ्हाईक : वाटू दे. वागायचाही तसाच. आणि ह्या फोटोनंतर माझा हसलेला फोटोच नाही एकही.

फोटोवाली : बरं बाबा. पण हा तुमचा फोटो असा अर्धाच का? कड कात्रीनं कापलेली दिसतेय.

गिऱ्हाईक : मीच कापला. रागाच्या भरात. दुसरा अर्धा कचऱ्यात गेला.

फोटोवाली : त्यात कोण होतं?

(गिऱ्हाईक फोटोची कापलेली कड बोटानं चाचपतं.)

फोटोवाली : राहू दे, नका सांगू. तुमच्या खांद्यावर कुणाची तरी चार बोटं राहिलीत. ती आधी पुसून टाकते, मग भावाला आणू शेजारी.

गिऱ्हाईक : थांबा. ती नका पुसू.

फोटोवाली : का?

गिऱ्हाईक : दादाची आहेत.

फोटोवाली : अहो, पण ह्या नव्या फोटोत त्यांनी हाताची घडी घातलीये. तीन हात होतील दादांना!

गिऱ्हाईक : होऊ दे. आईनं विचारलं तर सांगेन, ह्यातला तेवढाच खरा आहे.