बाबांनी केलेला फोन

कल्पिता : तुम्ही राजाध्यक्ष साहेबांना फोन केलेला?

पोपट : आधी पाय तर धू, बाय. आल्या आल्या काय...

कल्पिता : बाबा, केलेला की नाही?

कलावती : कोन राजाध्यक्ष?

कल्पिता : आमच्या कंपनीचे डायरेक्टर, आई. बाबांनी आपल्या तिन्ही पोकलेन मशिनी ज्यांच्याकडून घेतल्या ना, ते. माजिवड्याच्या ब्रँचला मॅनेजर म्हणून माझं नाव जवळजवळ नक्की होतं. आज मीटिंगमध्ये माझ्याबरोबरच्या मयूरचं नाव जाहीर केलं. मी केबिनमध्ये जाऊन विचारलं, सर, माझं काय कमी पडलं? तर म्हणाले, अगं, तुझ्या वडिलांचाच फोन आलेला. पोरीला एवढी जबाबदारी देऊ नका, साईटवर पाठवू नका म्हणाले.

कलावती : तुमी असं बोल्लात?

पोपट : तसं नाय...

कल्पिता : मग कसं? शब्द काय होते?

पोपट : बोल्लो, लग्नाची पोर हाय. हापिसात बसवा. पंख्याखाली. तुमचीच पोर समजा.

कल्पिता : पंख्याखाली. वर्कशॉपमध्ये बायकांना कपडे बदलायला जागा नव्हती, तेव्हा मी स्टोअरमध्ये फिल्टरच्या खोक्यांमागे उभी राहून बदलायचे. साईटवर बाथरूम नसतं म्हणून सकाळपासून पाणी प्यायचे नाही. टिटवाळ्याला भर पावसात चिखलात झोपून पाइप बदलला, तुम्हीच न्यायला आलेलात. तेव्हा नाही तुम्हाला पंखा आठवला?

पोपट : तवा तू शिकत होतीस.

कल्पिता : आणि शिकवलं कोणी? पहिलं मशीन आणलंत तेव्हा मांडीवर घेऊन लिव्हर माझ्या हातात दिलात. सगळ्या शहाडला सांगत फिरायचात, माझी पोर इंजिनियर होणार.

पोपट : फिरायचो.

कल्पिता : मग आता काय झालं?

पोपट : काय नाय झाला. बाप हाय मी. काळजी वाटते.

कलावती : काळजी वाटली तर पोरीशी बोलायचा. साहेबाला कशाला फोन?

कल्पिता : आणि माझ्यापुरतं असतं ना, तर मी गिळलं असतं. करिश्मा आणि प्राची, माझ्या हाताखालच्या दोघी. एक डोंबिवलीची, एक कोपरीची. मी भांडून घेतलेलं त्यांना सर्व्हिसमध्ये. साहेब म्हणाले, पोपटशेट स्वतः धंद्यातला माणूस, त्याला आपली मुलगी सेफ वाटत नाही, तर उद्या या दोघींच्या घरचे माझ्या दारात येतील. आजपासून दोघींना साईट बंद. फोन घ्यायच्या नि कम्प्लेंट नोंदवायच्या.

पोपट : त्यांचा काय संबंध? मी तुझ्याबद्दलच बोल्लो.

कल्पिता : करिश्मा माझ्यासमोर येऊन उभी राहिली. मॅडम, आमचं काय चुकलं? म्हणाली. मला सांगता नाही आलं, बाबा. माझ्याच वडिलांनी फोन केला हे तोंडातून निघेना. म्हटलं, पॉलिसी आहे. खोटं बोलले. तिच्याकडे बघता येत नव्हतं मला.

कलावती : ऐकताव काय? खाली काय बघताव मगापास्ना?

पोपट : ऐकतोय.

कलावती : गोविंदाशेटच्या साईटवरना आलात त्या दिवशी जेवलात नाय. आपल्या मशीनवरच्या राघोला मी विचारला, शेटला काय झाला? तर तोपन मान खाली घालून गेला. मशीन चालवतो नि मना बघून पळतो. काय झाला तिथं?

पोपट : काय नाय.

कल्पिता : गोविंदाशेटच्या साईटवर? मीच गेलेले तिथे आदल्या दिवशी. त्यांच्या मशीनची बूम वरच अडकलेली, पुढचा हात खालीच येत नव्हता. काय झालं, बाबा?

पोपट : सोड ना.

कल्पिता : माझी पोस्ट गेली. मी नाही सोडणार.

पोपट : ...चहाच्या टपरीवर बसलेलो आमी. चारपाच जन. सगले मशीनवाले, वलखीचे. एकानं तुझा विषय काढला. बोल्ला, पोपटशेटची पोर मशीन बघाया येते, का... 

कलावती : का काय?

पोपट : मना नाय बोलवत, कलावती. पोरीसमोर नाय बोलवत. साहेबाचा नाव घेतला. एवढी वर कशी गेली, बोल्ला. बाकीचे हसाया लागले.

कल्पिता : आणि तुम्ही?

पोपट : मी तिथंच बसलेलो.

कल्पिता : तुम्ही काय बोललात?

कलावती : सांगा तिला.

पोपट : हसलो.

कलावती : काय?

पोपट : हसलो मी. त्यांच्यासंगती. असा, थोडासा. मना कललाच नाय काय करायचा ते. हातात चहा होता. राघो समोर उभा होता, त्यानं बघितला मना हसताना. सोताच्या पोरीला बोल्ल्यासारखा राग त्याला आला असंल. तो टपरीतना निघून मशीनवर जाऊन बसला. नि मी चहा संपवला. पूर्ण संपवला, बाय. घरी आलो तर तू दारात. बोल्लीस, बाबा, गोविंदाशेटची बूम झाली ना नीट? मना तुझ्या तोंडाकडं बघवना. रात्रभर तोच विचार. ही साईटवर गेलीच नाय तर कोन काय बोलनार नाय. नि मना परत तसं बसाया लागनार नाय. म्हनून केला फोन.

कलावती : म्हंजे तिच्यासाठी नाय. सोतासाठी.

पोपट : हां. सोतासाठी.

(कलावती आत जाऊन पाण्याचा तांब्या आणते आणि मुलीसमोर ठेवते.)

पोपट : मी आत्ता लावतो साहेबाला. बोलतो, माझी चूक झाली. पोरीलाच मॅनेजर करा.

कल्पिता : फोन ठेवा खाली.

पोपट : अगं, ऐकतील ते माझा.

कल्पिता : तेच तर. ऐकतील. तुम्ही नको म्हणालात, नाही दिलं. तुम्ही द्या म्हणालात, दिलं. मग मी कोण? उद्या मयूर नि सगळी ब्रँच म्हणेल, वडिलांनी लावली. टपरीवरच्या लोकांना अजून एक विषय.

पोपट : मग मी करू काय?

कल्पिता : त्या पोस्टचं आता काही होत नाही. मयूर वाईट मुलगा नाही, त्याच्या हाताखाली करीन काम. पुढच्या वेळी परत माझं नाव टाकीन, आणि साहेबांना सांगून आलेय, माझ्याबद्दल काही विचारायचं असेल तर मला विचारा. घरी नाही.

कलावती : नि त्या दोघी पोरी?

कल्पिता : त्यांच्यासाठी भांडले. म्हटलं, त्यांना साईट बंद तर मलापण बंद करा, मग ठाणे ते कल्याण कोण बघतं ते बघू. अर्धा तास ओरडत होते. शेवटी म्हणाले, ने त्यांना, पण तुझ्या जबाबदारीवर. परत निघताना करिश्माला खरं सांगितलं. सगळं.

पोपट : माझा नाव घेऊन?

कल्पिता : तुमचं नाव घेऊन.

पोपट : काय बोल्ली ती?

कल्पिता : काही नाही. माझ्यासाठी कॅन्टीनमधून चहा घेऊन आली. मला जास्त लाज वाटली.

कलावती : उद्या कुठं जायचाय तुला?

कल्पिता : गोविंदाशेटकडेच. त्यांचं दुसरं मशीन बंद पडलंय. करिश्माला घेऊन जाणार.

पोपट : मी येऊ? येतो मी. बसतो टपरीवर. कोन बोल्ला ना, तर गप नाय बसनार या टायमाला.

कल्पिता : नको. मी असताना ते काही बोलत नाहीत, बाबा. मॅडम मॅडम करतात. मी नसताना बोलतात.

पोपट : ...हां. तवा मीच असतो तिथं.