उद्या चाळीस वडे

नाही म्हटलं ना — नाव छापायचं नाही, आवाज रेकॉर्ड करायचा नाही, आणि तो फोन आधी पालथा ठेव टेबलावर. हं. आणि हे ‘काका, काका’ पुरे! मंडळाच्या गणपतीत तुला एवढीशी असताना नाचताना बघितलंय म्हणून दार उघडलं, गार्गी, पत्रकार म्हणून नाही. पत्रकार! श्रीनिवास त्या टाकीत मेला त्याला सात महिने झाले — तेव्हा कुठे होती तुमची वेबसाइट? कुठल्या हॉकर सेंटरला खायला लक्सा चांगला मिळतो ते लिहीत होती! आणि आज इथे चोआ चू कांगला घरापर्यंत तंगडतोड करून आलीस, तर मी काय आरती ओवाळू?

काय? अहवाल? पाठ आहे मला तो. आमच्यावर लक्ष ठेवायला नेमलेलं तपासणी खातं, आणि त्यांनीच स्वतःला दिलेलं हे सर्टिफिकेट! ‘वर्षभरात सहा वेळा अचानक तपासणी केली, एकदाही त्रुटी आढळली नाही. कामगार गॅस मीटर न घेता टाकीत उतरला, चूक त्याची.’ त्याची! अगं, टाकीतला विषारी वायू दाखवणारे ते मीटर होते कुठे? बारातले नऊ बंद, माझ्या कपाटात, कुलपात — सेफ्टी माझ्याकडे ना. दुरुस्तीला पाठवा म्हणून मी तीन मेल केल्या — बरं, दोन. श्रीनिवास वेल्डर माणूस, पन्नास जणांत नेमानं मीटर मागणारा तो एकटा. त्या दिवशीही आला होता, ‘सर, मीटर?’ — मी म्हटलं, जा रे, टाकी बघितलीय मी, काही नाहीये आत. बघितली होती! म्हणजे — बाहेरून बघितली होती. हे लिहायचं नाही. आणि त्याच्या बायकोला आंध्रात पत्र काय गेलं, तर नवऱ्याचा निष्काळजीपणा. इंग्रजीत! दोन मुली आहेत तिला. बाप मूर्खपणानं मेला असं ऐकतच मोठ्या व्हायच्या त्या?

अचानक म्हणे — कसली डोंबलाची अचानक! आमचा प्लांट जुरोंग आयलंडवर, तिथे पासशिवाय पाऊल ठेवता येतं का? तपासणीच्या साहेबांचं नाव आमच्या गेटवर आदल्या दिवशीच यायचं, गेटवरून मला फोन, की लागा कामाला. शेजारच्या प्लांटमधून चालू मीटर मागून आणा, टेबलावर ओळीनं मांडा, फरशी पुसा. साहेब यायचे, मीटर मोजायचे, खूश! कुंपणानंच शेत खाल्लं, गार्गी, आणि वर शेतालाच दोष दिला. पुरावा? पुरावा कसला मागतेस? फोनवरचं बोलणं ते, त्याचा कागद असतो का कुठे? हात टेकलेत मी.

आणि इतक्या वर्षांत साहेबांनी हक्कानं मागितलं काय, सांगू? वडे! बटाटेवडे! एकदा माझ्या डब्यातला खाल्ला आणि चटकच लागली. मग दर तपासणीला घरचे वडे, ऑफिसातल्या सगळ्यांना पुरतील एवढे. आता चाळीस वडे काय आयत्या वेळी होतात? बटाटे आदल्या संध्याकाळी उकडून ठेवायला लागतात. मी कंपनीच्या बसमध्ये बसलो की संजीवनीला मेसेज टाकायचो, ‘उद्या चाळीस वडे’, की ही लागलीच कामाला — तपासणीनंतर उरलेले मी डब्यासकट श्रीनिवासला द्यायचो. डबा घासून, कोरडा करून परत आणायचा तो. कधी ओशट नाही लागला हाताला —

असं काय बघतेस? वड्यांचं काय एवढं? तारखा? प्रत्येक मेसेज तपासणीच्या आदल्या दिवशीचा, म्हणून? छे, मेसेज नाहीत आता. डिलीट केले. सगळे, तो गेला त्याच संध्याकाळी — म्हणजे फोन भरला होता माझा, म्हणून. हिच्या फोनवर? हिला कुठे त्यातलं कळतंय! झालं तुझं? ऊठ आता. इथे कायम राहायचा, पीआरचा अर्ज आत आहे माझा, आमच्या वरुणची परीक्षा तोंडावर आलीय — हे छापलंस तर नोकरी जाईल, कामाचा पास जाईल, महिन्याभरात गाशा गुंडाळायला लागेल आम्हाला. चांगुलपणाची खाज मला परवडत नाही, समजलं? चल, लिफ्टपर्यंत सोडतो.

तू कशाला बाहेर आलीस, संजीवनी? चहा नकोय तिला, निघालीय ती. फोन कशाला आणलायस? — अगं, काय दाखवतेस तिला! दे इकडे. दे म्हणतो ना! सहाच्या सहा मेसेज? तू ठेवलेस? वरुणचा तरी विचार कर, अगं. काय? — कुठला डबा? — हो, राहिला श्रीनिवासकडे शेवटचा. लॉकरमध्ये सापडला, घासलेला. मीच आणला घरी. मीच दिला तुझ्या हातात.

बस, गार्गी. वाच ते. फक्त मोठ्यानं वाचू नकोस.