सोयाबीनच्या मुळाची गाठ

मला दम निघत न्हाय, हे खरं हाय बघा. औंदा सोयाबीनच्या बियाण्याला गुळाच्या पाण्यातनं जिवाणू चोळलं. कृषी सहायक म्हणाला, "महिन्यानं एखादं रोप उपटून बघा. मुळावरची गाठ आतनं गुलाबी दिसली, की जिवाणू पिकाला नत्र द्यायला लागले समजा."

महिनाभर कोण थांबतंय? आठव्या दिवसापास्नं रोज सकाळी बांधाकडच्या ओळीतली चार-दोन रोपं उपटायचो. कुठं गुलाबी दिसंना. जेवण गोड लागंना.

शेवटी ओळीतलं राहिलेलं एकुलतं रोप उपटून गाठ फोडली. लालगुलाबी! बायकोला वरडून सांगितलं, "लागलं की गं जिवाणू कामाला!"

तिनं मोकळ्या ओळीकडं बघितलं. म्हणाली, "लागलं की. पण आता नत्र द्यायचं कुणाला? तुमास्नी?"