माहेरचं तूप आन् पहिला घास

मी कन्हानची. माह्या बापाजवळ म्हशी होत्या, त्याच्यानं तूप खाऊनच वाढली. लग्न होऊन नागपुरात आली आन् इतवारीत एका दालमिलात डाळ निवडाले लागली, आन् काय सांगू तुम्हाले, डाळ निवडता निवडता माणसावरचाही भरोसा उडते, वरून कितीही साफ दिसो, खाली खडा निघतेच.

राशनवर लाल मिलो ज्वारी भेटे त्या सालची गोष्ट. माहा उजवा डोळा अंधुक झाला, मंग आपोआप बरा झाला. पुढं पाय बधिर पडले, चप्पल निसटून जाये तरी मले पत्ता नाही. तेही सुधरले, पुन्हा पडले. घरचा सैपाक मोठी जाऊ इंदूबाईच्या हाती, मले तिचीच शंका. आमच्याइकडे कोणाचे पाय गेले का लोक म्हणतेच, लाखोळी खाल्ली असन. बंदी होती त्या डाळीवर, तरी तुरीत मिसळून विकतच होते. मी घरची तूर सुपात घेतली, तर तिच्यात लाखोळी निघाली! पदराले गाठ मारली आन् मोठ्या दवाखान्यात डॉक्टरच्या टेबलावर सोडली. म्हटलं साहेब, हे मले हिनं चारलं. आन् ही म्हणजे इंदूबाईच, मले धरून तिथपावतर तिनंच आणलं होतं.

डॉक्टर म्हणे, लाखोळी वाईटच, फेकून द्या, पण एका गंजातलं सारे जेवता, मंग तुमचेच पाय काहून गेले, आन् लाखोळीनं डोळा नाही जात. म्हणे, अंगातले राखणदारच तुमच्या नसाइवर उलटले. पक्कं औषध नाही, तूप, वनस्पती तूप कमी करून पाहा, काही डॉक्टर म्हणते फरक पडते, मी शब्द देत नाही. आता बोला! शब्द देत नाही, तर तूप काहून सोडावं? मले वाटलं, इंदूबाईनंच त्याले पढवलं असन. कन्हानहून तूप तर येतच होतं, मी नाही खाणार तर कोण खाणार? हीच ना!

त्या दिवसापासून इंदूबाईनं माह्या ताटात तूप वाढणंच बंद केलं. जेवताना माह्याजवळ बसे, माह्या कोरड्या ताटातला पहिला घास आपल्या तोंडात टाके, मंगच ताट सरकवे. मी पाहत राहो, गिळते का नाही.

आता काठीनं चालतो. पथ्यानं टिकली का नशिबानं, ते त्या डॉक्टरलेही सांगता येत नाही. परवा तिच्या पोराच्या लग्नात वाढपी तूप घेऊन आला, तर इंदूबाईनं ताटावर हात आडवा धरला. म्हटलं बाई, तुमच्या नसा तर धड हाय, तुम्ही काहून नाही म्हणता? म्हणे, तुह्यासमोर कसं खाऊ वं, तवाच सोडलं. इतक्या वर्षात मले पत्ता नाही.

असं कोणी उगाच करते का? काहीतरी मतलब असनच, मी नजर ठेवून हाय. पण देवा, तिले माह्या आधी नेऊ नको बाप्पा. तिनं पहिला घास खाल्ल्याबिगर मले जेवणच जात नाही.