हाताला घाम असतो

सन्माननीय अध्यक्ष महोदय, संग्रहालयाच्या प्रमुख बाई, व्यासपीठावरचे मान्यवर पाहुणे, आज ज्यांचा सत्कार आहे ते आमचे डॉक्टर, आणि समोर बसलेल्या माझ्या बंधू-भगिनींनो,

माइक डाव्या हातात धरला तर चालेल ना? उजवा हात जरा मोकळा नाही. का, ते ओघात येईलच.

मला दोन शब्द बोलायला सांगितलंय. आता इतक्या वर्षांच्या संसारात ‘बोला’ म्हणून माइक पहिल्यांदाच हातात आला, आणि तोही दगडांच्या निरोपाला. दोन शब्दांत कसं भागायचं, तुम्हीच सांगा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. डॉक्टर म्हणजे दातांचे. जन्मभर लोकांच्या दाढा कोरल्या, आणि दवाखान्यातून बाद झालेल्या त्याच सुया घरी आणून जीवाश्मांवरची माती कोरली. छोटे छोटे दगडी शंख, शिंपले, माशाचा एखादा दात, पानाचा ठसा. पेशंट ओरडायचे, दगड ओरडायचे नाहीत. तेव्हा यांचा जीव कुणावर जास्त, हे ओळखणं अवघड नव्हतं. आता गुडघ्यांना जिना झेपेना, म्हणून आम्ही लहान घरात राहायला जातोय आणि हा सगळा संग्रह संग्रहालयाकडे चाललाय. हा यांचा मोठेपणा आहे, हे मी अगदी मनापासून म्हणते.

पण सही अजून व्हायची आहे. मोजणीत एक नमुना कमी भरलाय. नखाएवढा दगडी शंख. आणि प्रमुख बाईंचा नियम असा, की संग्रह घ्यायचा तर अख्खा घ्यायचा. यांचा चेहरा बघा, हातात एवढा मोठा पुष्पगुच्छ आहे आणि माणूस दवाखान्यात नंबर लावून बसल्यासारखा बसलाय. परवा तर बॅटरी घेऊन कपाटाखाली पालथे झोपले होते. मी म्हटलं, “अहो, कंबर धरेल.” तर म्हणाले, “आयुष्यभर जपलं गं, आणि शेवटी हरवलं. माझंच डोकं चालेना झालंय.” मग मीही शोधू लागले. सोफा हलवला, गालिचा झटकला. कुणी म्हणायला नको की बायकोने साथ दिली नाही.

हां, जपणं. त्याबद्दल थोडं बोललं पाहिजे, कारण मानपत्रात ‘जतन’ हा शब्द फार वेळा आलाय.

आमच्या दिवाणखान्यात हवेतला ओलावा मोजायचं यंत्र आहे. घड्याळ बंद पडलं तरी चालायचं, पण ते नाही. चार पाहुणे गप्पा मारायला बसले की श्वासांनी काटा वर चढायचा, आणि हे हळूच म्हणायचे, “आपण जरा गॅलरीत बसू या का?” कडाक्याच्या थंडीत! माझ्या सख्ख्या भावाने गॅलरीत मफलर गुंडाळून चहा प्यायलाय. आत का नाही? तर चहाला वाफ असते. पडदे उघडायचे नाहीत, उन्हाने रंग उडतो. कापसावर ठेवायचे नाहीत, तंतू अडकून बारीक टोकं मोडतात. प्रत्येकाला स्पंजमध्ये मापाचा खड्डा कोरायचा. माझ्या वडिलांनी दिलेलं लाकडी कपाट घराबाहेर गेलं, कारण त्या लाकडातून म्हणे आंबट वाफ सुटते आणि शिंपल्यांना ती बाधते. नातेवाइकांत कुणी नवे बूट घेतले की यांचा फोन. अभिनंदनाचा नव्हे हो, खोक्यातली ओलावा शोषणारी पुडी टाकू नका म्हणून सांगायला!

एवढं करून सगळं टिकलं का? डॉक्टर, सांगू का? सांगतेच. यांच्याकडे एक सोनेरी शंख होता, चकचकीत, सगळ्यांत देखणा. त्याला वारासुद्धा लागू नये म्हणून यांनी तो काचेच्या डबीत घालून कडा चिकटवून पक्क्या बंद केल्या. नेमक्या पावसाळी दिवशी. आतला ओलावा आतच राहिला, त्या सोनेरी खनिजाला तो आतून खात गेला, आणि एके सकाळी डबीत नुसती भुकटी. त्या दिवशी हे जेवले नाहीत. मला हसू येत होतं आणि रडूही येत होतं. एवढं कुणाला जपू नये हो.

तर हरवलेल्या शंखाकडे येते. तो कुणाला सापडला होता, माहीत आहे? मला. लग्न ठरल्यावर आम्ही दोघं पहिल्यांदा फिरायला गेलो. लोक बागेत जातात, यांनी मला दगडाच्या खाणीत नेलं. माझ्या चपलेचा अंगठा तुटला म्हणून वाकले, तर पायाशी हा. उचलून यांच्या तळहातावर ठेवला. हे त्याच्याकडे इतका वेळ बघत राहिले, की मला वाटलं, ज्या माणसाला एवढं बघता येतं तो बायकोकडेही बघेल. अंदाज निम्मा बरोबर आला.

लग्न होऊन घरात आले, तेव्हा तो खालच्या खणात जाऊन बसला होता. एकदा हातात घ्यायला गेले, तर म्हणाले, “हातमोजे घाल. हाताला घाम असतो.” त्यानंतर मी त्याला कधी शिवले नाही. आता संग्रह जायचा ठरला तेव्हा विचारलं, “एवढा एक ठेवू या?” तर उत्तर आलं, “संग्रह फोडायचा नसतो. आणि त्यात ठेवण्यासारखं काय आहे? अगदी सामान्य नमुना आहे.”

सामान्य! मला राग आला. खरंच आला.

अध्यक्ष महोदय, आपण निवृत्त न्यायाधीश आहात हे मला निमंत्रणपत्रिका वाचून कळलं, आणि तोवर उशीर झाला होता. ही माझी मूठ उघडते. हा तो शंख. बॅटरी घेऊन यांना पालथं झोपायला लावलं, त्याची शिक्षा द्यायची ती द्या. पण डॉक्टर, इकडे बघा. भाषण सुरू झाल्यापासून हा माझ्या हातात आहे. भीतीने तळहाताला सपाटून घाम फुटलाय. आणि त्याला काही म्हणता काही झालेलं नाही.

प्रमुख बाई, नियम तुमचा आहे, मी कोण मोडणार? द्यायचा की ठेवायचा, ते यांनी सांगावं. फक्त आधी एकदा हातात घ्यावा. काय म्हणालात? मागच्यांना ऐकू आलं नाही. हे म्हणताहेत, हातमोजे आणले नाहीत! बघा आता. अहो, असाच घ्या. खाणीत कुठे होते हातमोजे?

घेतला.

बघताहेत. नाही, शंखाकडे नाही. अहो, सभा भरलीये, समोर बघा.

बरं, आवरते. संग्रहालयाने आमच्या दगडांना कोरडं घर दिलं, आपण सगळे वेळ काढून आलात, सर्वांचे मनापासून आभार. बोलण्याच्या भरात घरातलं चव्हाट्यावर आलं असेल, कुणाचा मान राखायचा राहिला असेल, तर पोटात घाला. संग्रहात एक कमी असेल, तर तेवढंही घाला. आणि प्रमुख बाई, पेन जरा बाजूला ठेवा. सहीला वेळ लागेल. यांनी मूठ मिटलीये, आणि यांचाही उजवा हात आता मोकळा नाही.