बुरुजाशेजारची जमीन

आमचं मूळ साताऱ्याकडचं म्हणतात, पण पाहिलंय कोणी? यांचे पणजोबा की त्यांचे वडील फौजेबरोबर ग्वाल्हेरला आले आणि इथलेच झाले, आणि मी तर जन्मापासून इथल्या लश्कर मोहल्ल्यातली, म्हणून माझं मराठी हे असं, अर्धं हिंदीत भिजलेलं, हसू नका हं ताई. फौज गेली, घोडे गेले, यांच्या हातात सुई आली. पाटणकर बाजारात एवढंसं दुकान, हे आणि धाकटा भाऊ शिवायचे, मी घरी काज-बटण करायची आणि आमची सुमी बटणांचे रंग वेगळे करत बसायची. तेवढं तिला येतं. सुमी आता चाळिशीला आली पण डोकं पाच वर्षांच्या पोरीचं, जन्मली तेव्हा रडलीच नाही ना ती. तर काय सांगू तुम्हाला, आमच्या घरात काहीही ठरवायचं झालं की बोलणं शेवटी तिथेच यायचं, आपल्या मागे हिचं काय.

यांची नजर अधू झाली, भावाला दुकान नको झालं, विकलं, वाटणी झाली. त्या पैशात एकच गोष्ट होणार होती, घर नाहीतर जमीन. ग्वाल्हेरात काही मिळेना, म्हणून जवळच्या डबरा गावी एक मकान पाहिलं, छोटंच, दोन खोल्या, गल्लीत, दाराला दार लागलेलं. सुमी जाऊन समोरच्या ओट्यावरच बसली, तिथे एक चुडीवाली राहायची, तिने हिचा हात धरून बांगड्या चढवल्या आणि मला बोलली, जिज्जी, चिंता मत करो, जा तो हमाई देहरी पे बैठी रहेगी, म्हणजे ही आमच्या उंबऱ्यावर बसून राहील. मी तर मनातल्या मनात तिथे चूल मांडली सुद्धा. पण हे घरी येऊन म्हणाले, दारातली नाली बघितलीस? मी बोलली, नाली तर आपल्या इथे जयेंद्रगंजात पण आहे. तर म्हणाले, विटा काय खायला घालतात? जमीन असली की बटाईने, अर्ध्या वाट्याने, कोणीही करेल, आपण असू नसू, हिच्या ताटात धान्य येत राहील. आता यात खोटं काय होतं, सांगा? म्हणूनच तर मला भांडता येईना. मी एवढंच बोलली, अहो, धान्य येईल, पण तिला भरवेल कोण? म्हणाले, तू ना, फार बोलतेस.

मग जमीन पाहिली भिंडकडे. जेठ महिना, उन्हात पिवळी मऊ माती, आणि शेताच्या टोकाला जमीन खाली उतरायची तिथे विटांचा एक गोल, उंच मनोरा उभा. मी विकणाऱ्याला विचारलं, भैया ये क्या है? तो हुशार. म्हणाला, पुराने जमाने का है माताजी, आप दक्खिनी लोगों का ही होगा. बस. जन्मभर लोकांच्या कमरा मोजलेला माणूस माझा, त्या मनोऱ्याखाली हात मागे बांधून असा उभा राहिला की काय बोलू नका. म्हणाले, बुरुज आहे गं, आपली चौकी असणार इथे, आपल्या पूर्वजांनी राखलेली जमीन परत घरी येते आहे. सौदा तिथेच पक्का. मी वर बघत राहिली, ना दार, ना पायऱ्या. मी बोलली, अहो, हे वर चढत कसे असतील? म्हणाले, शिडी लावत असतील.

टिनाच्या छपराची एक खोली उठवली आणि राहायला गेलो. श्रावणात एका सकाळी बघतो तर शेताचा पलीकडचा बांध नाही, बांधावरचं बाभळीचं झाड नाही, तिथे माणूस उभा मावेल असा खड्डा. गावातली एक म्हातारी गाय शोधत आली होती, तिला मी बोलली, अम्मा, बुर्ज के पास देखो कैसा गड्ढा हुआ. ती दात नसलेल्या तोंडाने हसली, कौन बुर्ज? जा तो हमाए ससुर को कुआँ है, हमने जामें से पानी खेंचो है.

विहीर होती ताई ती. विहिरीभोवतीची सगळी माती पावसापावसाने वाहून गेली होती आणि जे जमिनीच्या पोटात असतं ते आम्ही मान वर करून बघत होतो. नदीकडच्या घळी जमीन खात खात वर येतात, बीहड म्हणतात इकडे, गावाला सगळं ठाऊक. मी बोलली, अम्मा, आम्हाला कोणी सांगितलं का नाही? तर म्हणते, तुमने पूछी कब? तुम्हाए आदमी तो खुदई सबको बुर्ज दिखा रए थे.

मग यांनी पोती भरून लावली, गवत लावलं, हाताला फोड आले. घळ थांबली नाही. दर चौमाशात ती खोलीच्या जवळ, आणि आमच्या सुमीला कड्यावरून ढेकळं पडण्याचा आवाज आवडायचा, टाळ्या वाजवत धावायची तिकडे. काय करू मी? माझी जुनी साडी पिळून तिच्या पायाला बांधली आणि दुसरं टोक खाटेला. गाईला बांधतात तशी. हे बघायचे आणि तोंड फिरवायचे. मग जेवण सोडलं, आणि एका थंडीत गेले. शेवटी शेवटी विचारायचे, डबऱ्याचं ते मकान अजून असेल का गं? मी बोलायची, असेल. ते केव्हाच दुसऱ्यांनी घेतलं होतं.

ती जमीन कोणी फुकट पण घेत नाही. आम्ही दोघी आता परत ग्वाल्हेरला, इथे बिडला नगरात, भाड्याची खोली, मी साड्यांना फॉल लावते. शेजार आहे, पण भाडेकरूच सगळे, सहा महिन्यांत बदलतात, सुमीला नावाने हाक मारेपर्यंत सामान बांधतात. परवा भाचा आला होता, विचारत होता, मावशी, रिटायरमेंटनंतर छोट्या गावात मकान घेऊ की बाहेर खेत घेऊ? मी काय सांगणार त्याला? मी बोलली, बाबा, जे घेशील ते पाऊस पडून गेल्यावर बघ, आणि शेजारणीला विचार.

तुम्हाला मुलं किती ताई? दोन? सुखी राहोत, तुमच्या मागे खूप वर्षं जगोत, दिवा लावताना मी सगळ्यांच्या लेकरांसाठी हेच मागते. फक्त सुमीचं, हळू बोलते, आत आहे ती, सुमीचं उलटं मागते. माझ्या एक दिवस आधी, जास्त नाही. तिला न्हाऊ-माखू घालून मीच पोचवते, आणि मग मला ने, असं.