घासून लख्ख केलेलं कडं

मंडळी, ऐका! आज मी एकच प्रश्न घेऊन उभा राहिलोय. चांगल्या मनानं कुणाचं वाईट केलं, तर ते पाप कुणाला लागतं? करणाऱ्याला? का त्याचं मन चांगलं होतं म्हणून कुणालाच नाही? — घाई नको! काकू, तुम्ही मान डोलवायला लागलात, अजून गोष्ट व्हायचीय!

आता म्हणाल, बुवा पुराणात शिरणार. नाही! आज आपण शिरणार आहोत बटाट्याच्या शेतात. तेही नॉर्वे देशातल्या.

हजार-अकराशे वर्षांमागं त्या उत्तरेच्या समुद्रावर व्हायकिंग म्हणून लोक होते. लांब होड्या, हातात कुऱ्हाड, दिसेल ते गाव लुटायचं. पण मला सांगा — लुटायला जायचं तरी अंगात सदरा लागतो ना? तो कोण विणत होतं? घरी बसलेली बाई! तिचं नाव कुणी लिहून ठेवलं नाही. लिहिणारे सगळे होडीत होते.

अशीच एक बाई वारली. तिच्या हातात काशाचं कडं होतं, बाहीवर चढवलेलं. तसंच तिला पुरलं. वर्षं गेली. काशावर हिरवा थर चढला, आणि त्या थरात तिच्या बाहीचे धागे उमटले. पुढं कापड कुजलं. हाताची माती झाली. ठसा तेवढा राहिला — नखाएवढा!

ते कडं सापडलं एका शेतकऱ्याला. बटाटे काढायला गेला आणि कडं घेऊन घरी आला. घरात दोन दिवस भांडण — बटाटे कुठायत? पण कडं राहिलं. त्या घरात रीतच पडली. मुलगी जाणती झाली की आई तिचं बोट धरायची, त्या ठशावरून फिरवायची आणि म्हणायची, "बघ, ही पण कुणाची तरी मुलगी होती." बास. एवढाच विधी! ना भटजी, ना जेवणावळ.

त्या शेतकऱ्याची पणती म्हणजे गुनहिल्ड. आपल्या हिरवडी गावानं तिची गुणाबाई केली. जुनी ओतकामाची रीत शिकायला पुण्याला आली होती. मराठी इतकं शुद्ध बोलायची की गावाला दुभाषी लागायचा! तिला मुली दोन आणि कडं एक. म्हणून हिरवडीच्या रंभाजी ओताऱ्याकडं आली. त्याला ठसा दाखवला, त्या बाईची गोष्ट सांगितली आणि म्हणाली, "कृपया याची हुबेहूब प्रतिकृती करावी. दहा दिवसांनी मी पुन्हा उपस्थित होईन."

रंभाजी म्हणाला, "व्हय." आणि कडं बायकोच्या हातात दिलं. "सरू, जपून ठेव. उद्या मेण लावून साचा घेतो."

जपून ठेव! मंडळी, इथं घात झाला.

सरूबाईनं कडं उजेडात धरलं. हिरवं, खडबडीत, कळकलेलं. "अगं बाई! एवढ्या लांबनं आली पोर, आणि हातातलं बघा! कुणी घासून द्यायला नाही हिला." त्या दिवशी देवाची उपकरणी निघाली होतीच. समई, ताम्हन, घंटा — आणि त्या पंक्तीत बसलं कडं! चिंच लावली, मीठ लावलं, नारळाची शेंडी घेतली. अंगात होती नव्हती ती माया ओतून घासलं. हजार वर्षं मातीला जे जमलं नाही, ते सरूबाईनं अर्ध्या तासात केलं!

हसताय? हसा. तुमच्या देव्हाऱ्यातल्या चांदीच्या टाकांवर देवाला नाक उरलंय का, ते आधी बघा!

रंभाजी भट्टीवरून आत आला. कडं उचललं, उजेडात फिरवून फिरवून बघितलं. "सरे, काय केलंस हे?"

"का? सोन्यागत दिसतंय की!"

"अगं, त्या हिरव्यातच सगळं हुतं! त्या बाईच्या बाहीचं धागं हुतं त्यात!"

सरूबाईनं परातीतल्या पाण्याकडं बघितलं. हिरवट पाणी. एक बाई त्या पाण्यात विरघळून गेली होती.

फोटो होते हो! कुणीतरी विचारणारच, म्हणून सांगून टाकतो. फोटोवरून बोट फिरवून बघा. काय लागतं? काच!

रंभाजी हाडाचा कारागीर. म्हणाला, "रडू नगं. नवसागर, मीठ लावून आठ दिस उकिरड्यात पुरतो. हिरवं चढतंय. ठसाबी उठवतो. तुझं एक जुनं लुगडं आण, वर गुंडाळायला."

"आनि त्या गुणाबाईला काय सांगायचं?"

"तिला कळलं तर दुख हुईल. नाय कळलं तर काय हुईल? तिच्याच भल्याचं हाय."

ऐकलंत? पहिली चूक भल्यासाठी. ती झाकायची, तीही भल्यासाठी! सरूबाईनं लुगडं आणून दिलं.

आणि काम असं उतरलं, मंडळी, की खऱ्यानं खाली मान घालावी! रंभाजी स्वतःच दोन दिवस कौतुकानं बघत बसला होता.

दहाव्या दिवशी गुणाबाई आली. कडं हातात घेतलं. डोळे मिटले आणि बोट फिरवलं. गुणाबाई हसली. "आहे," म्हणाली.

संपलं! निभावलं! गोष्ट इथंच संपवून मी आरतीला लागलो असतो. पण गुणाबाईला सरूबाईची माया आली. म्हणाली, "आपण माझी वस्तू सांभाळलीत. आपला हात द्या." तिनं सरूबाईचं बोट धरलं, त्या ठशावर टेकवलं आणि म्हणाली, "बघा. ही पण कुणाची तरी मुलगी होती."

आणि सरूबाईच्या बोटाखाली काय? तिचं स्वतःचं लुगडं! बाजारातनं आणलेलं, फाटलं म्हणून दोनदा दंड घालून जोडलेलं लुगडं! हजार वर्षांची बाई म्हणून तिच्याच पुढं ठेवलेलं!

सरूबाईनं हात मागं ओढला. "बाई, हे माझं लुगडं हाय."

"क्षमस्व. मला समजले नाही."

"माझं लुगडं हाय, बाई! तुझी बाई मी घासून टाकली!"

मग सगळं सांगितलं. चिंच, शेंडी, परात, उकिरडा. काही ठेवलं नाही. गुणाबाई ऐकत राहिली.

रंभाजी मधे पडला. "बाई, तिनं चांगल्या मनानं केलं वो!"

"मला माहीत आहे," गुणाबाई म्हणाली. "म्हणून तर मला ओरडताही येत नाही."

मंडळी! हे वाक्य नीट ऐका. नुकसान तिचं झालं. आणि तोंडही तिचंच बंद झालं! वाईट मनानं केलं असतं तर चार शिव्या देऊन मोकळी झाली असती. चांगल्या मनानं तिच्याकडून तेवढंसुद्धा काढून घेतलं.

तेव्हा सरूबाईनं काय केलं? पाया पडली नाही. रडली नाही. पुढं झाली आणि म्हणाली, "ओरड. माझ्या मनाचं तू काय करणार हायस? ते ठेव बाजूला. ओरड, मी ऐकती."

आणि गुणाबाई ओरडली! शुद्ध मराठी गेली कुठल्या कुठं. स्वतःच्या भाषेत ओरडली. अख्खी आळी दारात आली. कुणाला एक शब्द कळला नाही, आणि सगळ्यांना सगळं कळलं. सरूबाई खाली मान घालून उभी. "पण" म्हणाली नाही. "तरी" म्हणाली नाही. पार शेवटपर्यंत ऐकलं!

थकल्यावर गुणाबाई ओट्यावर बसली. पाणी प्याली. म्हणाली, "हा खोटा हिरवा रंग काढा. माझ्या मुलींच्या बोटाखाली तो नको." मग दोघींनी मिळून कडं घासलं. बोडकं कडं घेऊन ती गेली. प्रतिकृती अजून व्हायचीच होती; ती नको म्हणाली.

माफ केलं का तिनं? मला माहीत नाही! कीर्तनात शेवटी माफी मिळतेच, ही तुम्हाला लागलेली सवय आहे. सरूबाईला ती मिळाली नाही. पण त्या रात्री ती जेवली. आधीचे दहा दिवस घास उतरला नव्हता.

तर, पाप कुणाला लागतं? ज्यानं केलं त्यालाच! चांगलं मन हे उत्तर नाही, मंडळी. ते समोरच्याच्या तोंडावर ठेवलेला हात आहे. पोराची शाळा तुम्ही बदललीत, भल्यासाठी. बहिणीचं जमलेलं लग्न मोडलंत, भल्यासाठी. सुनेची नोकरी सोडवलीत, भल्यासाठी. ती बोलायला लागली की तुमचं ठरलेलं — "आम्ही काय वाईटासाठी केलं?" झाली गप्प! आणि तुम्ही समजलात, मिटलं.

मिटलेलं नाही. ती तिथंच बसलीय, तोंड मिटून.

आता टाळ घेऊ, नाम घेऊ. पण हे ऐकताना ज्याच्या डोळ्यापुढं एखादा चेहरा आला असेल, त्यानं आरतीला थांबू नये. उठावं, चपला घालाव्यात, आणि त्या माणसापुढं जाऊन नुसतं उभं राहावं. देवाची काळजी नको. आरतीला मी, टाळकरी आणि मृदंगवाला, आम्ही तिघं आहोत!